ते पाच टप्पे ऑफिससाठी बनलेच नव्हते भो

जळगाव एमआयडीसीत नवीन सॉफ्टवेअर येवो नाहीतर भुसावळला दोन शाखांची एक होवो, ट्रेनिंगवाला तीच स्लाइड दाखवतो, बदल आला की माणूस पाच टप्प्यांतून जातो, नकार, राग, घासाघीस, निराशा आणि मग स्वीकार, म्हणजे थोडे दिवस थांबा, माणसं आपोआप लाईनीवर येतील. वर्षानुवर्षं फिरतंय हे, आणि चुकीचं आहे.

हे टप्पे मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडले ते मरणाच्या दारातल्या पेशंटांशी बोलून, कर्मचाऱ्यांशी नाही. सगळे त्याच क्रमाने जातात हे तर पेशंटांबाबतही पक्कं सिद्ध झालेलं नाही, मग अकाउंट्सवाल्या भाऊचं काय घेऊन बसलात.

खरा ताण कुठून येतो ते बघा. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासात एक खातं खाजगी होणार होतं, तिथल्या लोकांची तब्येत बदल व्हायच्या आधीच, नुसतं वाट बघण्यातच, बाकीच्यांपेक्षा बिघडलेली दिसली. आपल्याकडे पण तेच, बदलीची यादी येणार येणार म्हणून कोणी पोरांच्या शाळेचं ठरवत नाही, घर बघत नाही. त्यात नवीन सिस्टीम चालू आणि जुनं रजिस्टर पण भरायचं, का तर साहेबांचा कॉम्प्युटरवर भरोसा नाही, म्हणजे एकच एंट्री दोनदा, आणि महिनाअखेरीला दोन्हीचा मेळ बसला नाही की बोलणी खायची ती पण त्या अकाउंट्सवाल्यानेच. चिडला की लगेच शेरा, "अजून रागाच्या टप्प्यात आहे". टप्पा कसला, यादीची तारीख सांगा आणि ते एक रजिस्टर बंद करा ना.