जुन्या जिप्सीत एमपीएफआय: फ्युएल लाईनचा वाद मुळात आला कुठून

कार्बवाल्या (कार्बोरेटरवर चालणाऱ्या) मारुती जिप्सीत मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन टाकणं आता काही नवीन राहिलं नाही. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग, सेन्सर यावर लोक तासन्‌तास बोलतात पण टाकीपासून इंजिनपर्यंतच्या लाईनचा विषय आला की "होज (रबरी नळी) बदलून टाक" एवढ्यावर भागवतात, आणि आग लागायचा धोका नेमका तिथेच असतो, जुनी लाईन ठेवायची की सगळी बदलायची हा वाद त्यातूनच, म्हणून यामागचा इतिहास थोडा नीट लिहितोय.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन अमेरिकेत १९५७-५८ लाच येऊन फसलं होतं, १९६७ पासून जर्मन गाड्यांवर ते टिकलं. आपल्याकडे मात्र १९८५ ला जिप्सी आली ती कार्ब घेऊन, आणि पुढची जवळपास पंधरा वर्षं तसंच चाललं. १९९५ ला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) सक्तीचा झाला तरी कार्ब गेला नाही. खरा धक्का १९९९ चा, दिल्लीच्या प्रदूषणावरून कोर्टाने तारखाच ठरवून दिल्या, आधी युरो १ (गाडीच्या धुराचे नियम) आणि लगेच एप्रिल २००० पासून युरो २, मग मुंबईसारखी शहरं पण आली आणि एस्टीम, ८००, जिप्सी सगळ्या भराभर एमपीएफआय झाल्या. जिप्सीची पॉवर ६० वरून ८० बीएचपीवर गेली. काही वर्षांनी एस्टीम भंगारात निघायला लागल्या, त्यांची इंजिनं सुटी मिळायला लागली, आणि जुनी कार्बवाली जिप्सी असलेल्यांना ती घ्यावीशी वाटणारच ना.

आता लाईनकडे येतो. कार्बवाल्या गाडीत पंप इंजिनवर असतो, कॅमवर चालतो, आणि तो टाकीतून पेट्रोल ओढतो. म्हणजे चॅसीवरून येणाऱ्या त्या लांब लोखंडी लाईनमध्ये प्रेशर नसतंच, उलट सक्शन असतं! प्रेशर फक्त पंप ते कार्ब या वीतभर होजमध्ये, ते पण ३ ते ५ पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक). एमपीएफआयमध्ये इलेक्ट्रिक पंप टाकीत किंवा टाकीजवळ जातो आणि पूर्ण लाईनमध्ये अडीच-तीन बार, म्हणजे ४० पीएसआयच्या आसपास प्रेशर बसतं. आधी एखादा जॉइंट ढिला असेल तर हवा ओढली जायची, गाडी मिस मारायची, एवढंच. आता त्याच जॉइंटमधून पेट्रोलचा फवारा उडतो, आणि तो गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूला असेल तर पुढचं सांगायला नको.

यावरून दोन गट पडलेत. एक म्हणतो जुनी लोखंडी लाईन ठेवा, फक्त रबर बदला. दुसरा म्हणतो टाकीपासून सगळं नवीन, नायलॉन नाहीतर ब्रेडेड (वरून जाळी विणलेला होज). मला पहिला गट बऱ्यापैकी बरोबर वाटतो, कारण स्टीलच्या पाईपला ४० पीएसआय म्हणजे काहीच नाही, कंपन्या स्वतः एमपीएफआय गाड्यांना स्टीलच्याच लाईनी देत होत्या. पण त्या लाईनींच्या टोकाला नीट मणी (होज सरकू नये म्हणून पाईपवर काढलेला उंचवटा) काढलेला असतो किंवा पेचाचा जॉइंट असतो, जुन्या गाडीत मात्र सरळ पाईपवर होज सरकवून वर स्प्रिंगची क्लिप, आणि ती प्रेशरला सरकते. त्यामुळे लाईन ठेवायची तर टोकांना तसाच मणी काढून घ्या, ईएफआय क्लॅम्प (इंजेक्शनच्या होजसाठीचा गुळगुळीत पट्टीचा क्लॅम्प) लावा, साधी पेचाची होज क्लिप रबर कापते. आणि गाडी कोकणातली किंवा मुंबईतली असेल तर आधी ब्रॅकेटच्या खालून गंज बघा, खारी हवा लाईन तिथेच खाते, तसं दिसलं तर दुसऱ्या गटाचं ऐका, तिथे पैसे वाचवू नका.

होजवरून पण असाच वाद. अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे आर७ होज ५० पीएसआयचा, आर९ होज १०० चा. मग "आपलं प्रेशर ४०, ५० चा होज पुरतो" हे गणित बरेच जण मांडतात, अगदी चांगले मेकॅनिकसुद्धा. पण ४० हे रेग्युलेटर (प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) ठीक असतानाचं. रिटर्न (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी लाईन) दाबला गेला किंवा रेग्युलेटर अडकला तर पंप ते प्रेशर दुपटीवर सहज नेतो, त्यात बॉनेटखालची उष्णता. आर९ च घ्या, यात मला काही वाद वाटत नाही.

रिटर्नचा प्रश्न जिप्सीपुरता सोपा आहे, कारण कार्बच्या काळातच तिला रिटर्न लाईन होती (गरम पेट्रोल आणि वाफ परत न्यायला), आणि १.३ इंजिनच्या छोट्या पंपाला ती सहसा पुरते. मोठा पंप लावला की बारीक रिटर्नमध्ये पेट्रोल तुंबतं, आयडलला प्रेशर उतरत नाही आणि गाडी रिच (गरजेपेक्षा जास्त पेट्रोलवर) चालते. ज्या गाड्यांना रिटर्नच नव्हता त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या लोकांनी वाट काढली, १९९९ च्या कॉर्व्हेटचा रेग्युलेटरवाला फिल्टर टाकीजवळ बसवायचा, म्हणजे पुढे एकच लाईन. तो ५८ पीएसआय देतो, त्यामुळे एस्टीमच्या इंजिनला आहे तसा चालत नाही.

पंप डायरेक्ट इग्निशनला जोडायची पण एक वाईट सवय होती. जुना पंप इंजिन बंद पडलं की थांबायचा, हा इलेक्ट्रिक पंप अपघातात होज तुटला तरी पेट्रोल ओततच राहतो. ईसीयूच्या रिलेवरूनच सप्लाय द्या.

गेल्या दोन-तीन वर्षांत हा सगळा विषय परत वर आलाय तो इथेनॉलमुळे. २००३ पासून महाराष्ट्रासकट काही राज्यांत ५ टक्के मिसळायला सुरुवात झाली होती, २०२२ ला १० झालं आणि आता पेट्रोलपंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल). कार्बच्या काळातलं साधं नायट्राईल रबर यात फुगतं, नंतर कडक होऊन तडकतं, म्हणून जे लोक फक्त इंजिनजवळचा होज बदलून थांबले होते त्यांच्या टाकीजवळचे तुकडे आता गळायला लागलेत. टाकीच्या आत पंपाला लागणारा तुकडा तर बहुतेक जण विसरतात, आणि तिथे आर९ पण चालत नाही, कारण त्याचं फक्त आतलं अस्तर पेट्रोल सहन करतं, बाहेरचं रबर बुडून राहिलं की मऊ पडतं. तिथे आर१० (पेट्रोलमध्ये बुडून राहू शकणारा होज) लागतो, फूटभराचा भाव ऐकून धक्का बसतो पण लागतो वीतभरच.