प्लेटलेटचा काउंट कमी आला? आधी नळी बघा
(रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांसाठी)

रक्तपेढ्यांच्या बॅगांचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत तपासायला येतात. महिन्याचे क्यूसी (गुणवत्ता तपासणीचे) रिपोर्ट गेले की दुसऱ्या दिवशी आमचा फोन वाजतो. "काउंट एवढा कमी कसा? परत लावून बघा ना." आम्ही परत लावतो आणि बहुतेक वेळा आकडा तोच येतो. गडबड आमच्या काउंटरमध्ये नसते, तुमच्या बॅगेतही नसते. ती बॅगेला जोडलेल्या नळीत असते.

बॅग ॲजिटेटरवर (हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) दिवसरात्र हलत असते, नळी मात्र कडेला गप्प पडून असते. तिच्यातला प्लाझ्मा बॅगेतल्या प्लेटलेटमध्ये नीट मिसळतच नाही. तेवढाच तुकडा सील करून पाठवला, तर आम्ही मोजतो ते नळीतलं, बॅगेतलं नव्हे.

म्हणून आधी स्ट्रिपरने (नळी दाबत सरकवायच्या चिमट्याने) नळी बॅगेकडे रिकामी करा. नळी दाबून धरूनच बॅग हलक्या हाताने वरखाली करा, मग सोडा. नळी पुन्हा भरेल. असं तीन-चारदा करा आणि लगेच सील करा. मध्येच कुणी हाक मारली आणि बॅग तशीच राहिली, तर पुन्हा पहिल्यापासून. नळीच्या साधारण १५ सेंटीमीटरमध्ये जेमतेम १ मिलीलिटर मावतं, त्यामुळे असे दोन सेगमेंट (सील केलेले नळीचे तुकडे) द्या. बॅग उघडावी लागत नाही, ती रुग्णाला देता येते.

एका रक्तपेढीचे काउंट सलग तीन महिने कमी आले. त्यांनी सेंट्रिफ्यूजवर संशय घेऊन सॉफ्ट स्पिनचा (तांबड्या पेशी खाली बसवणाऱ्या हलक्या फिरकीचा) वेग बदलला, तर पिशव्यांत तांबड्या पेशी उतरू लागल्या. शेवटी आम्ही एकाच बॅगेचे दोन सेगमेंट मागवले, एक नेहमीसारखा आणि एक स्ट्रिप केलेला. पहिल्यात मायक्रोलिटरला ७ लाख, दुसऱ्यात १० लाख! बॅगेत ६० मिलीलिटर होतं, म्हणजे एका हिशेबाने ४,२०० कोटी प्लेटलेट आणि दुसऱ्याने ६,००० कोटी. एएबीबी या रक्तपेढ्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचा ५,५०० कोटींचा निकष लावला तर तीच बॅग एकदा नापास, एकदा पास. (तुमच्याकडे निकष वेगळा असेल तर फॉर्मवर लिहा, आम्ही त्याच्याशी ताडून रिपोर्ट देतो.)

हा गुणाकार करायला बॅगेतलं माप लागतं. म्हणून आम्ही वजनाचा रकाना रिकामा असलेला फॉर्म परत पाठवतो, आणि त्यावरून बोलणीही खातो. भरलेल्या बॅगेच्या वजनातून रिकाम्या बॅगेचं वजन वजा करा, उरलेल्या ग्रॅमना १.०३ ने भागा, की मिलीलिटर आले. अंदाजाने ५० लिहू नका. अंदाजाचे ५० आम्हाला लगेच ओळखू येतात, कारण ते सगळ्या बॅगांना असतात.

"आमच्या मशीनवर वेगळा का येतो?" तुमचं मशीन रुग्णाच्या रक्तासाठी लावलेलं असतं, जिथे प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. १० लाखांच्या पुढे अनेक काउंटर सरळ रेषेत वाचत नाहीत. आम्ही नमुना पातळ करून मोजतो आणि पटीने गुणतो. तुम्हीही करून बघा, आकडे जवळ येतील.

पीएचचा नमुना सिरिंजमध्ये द्या, हवेचा बुडबुडा न ठेवता. हवा लागली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच खोटाच चढतो, म्हणजे खराब बॅगही चांगली दिसते. आणि बर्फ नको! प्लेटलेट २० ते २४ अंशांतच ठेवायच्या, नमुनाही तसाच. थंडीत त्यांचा आकार बदलतो, मग स्वर्लिंग (बॅग उजेडात हलवली की दिसणाऱ्या चमकत्या लहरी) गेलं म्हणून ओरड होते. बर्फाच्या डब्यातून आलेला नमुना आम्ही लावत नाही. रिपोर्ट काढून बिल लावणं आम्हाला सोपं आहे, पण त्या रिपोर्टवर तुम्ही चांगली बॅच संशयात टाकाल.

फॅक्टर आठ (रक्त गोठायला लागणारा घटक) मोजायला पाठवायच्या प्लाझ्माचं मात्र उलट आहे. तो गोठलेलाच पाठवा. वाटेत फ्रिजमध्ये सावकाश वितळला, तर फॅक्टर आठ क्रायोच्या (थंडीत न विरघळणाऱ्या प्रथिनांच्या) साक्यात अडकून बसतो आणि वरच्या प्लाझ्मात कमी दिसतो.

नव्या ग्राहकांकडे पहिल्या महिन्यात आमचा माणूस येऊन स्ट्रिपिंग करून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. लेबल लावलेल्या नमुन्याच्या नळ्या आणि सिरिंजही आम्हीच देतो. बॅगेच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशीचा नमुना असेल तर आदल्या संध्याकाळी कळवा, म्हणजे सकाळी पहिली फेरी तुमच्याकडे लावता येते.