जीवाणु-हीमोग्लोबिन

काही जीवाणूंच्या पेशींत आढळणारे, हीम या लोहयुक्त गटाच्या साहाय्याने ऑक्सिजन धरणारे व सोडणारे प्रथिन. सर्वाधिक अभ्यास व्हिट्रिओसिला या तंतुरूप जीवाणूतील प्रथिनाचा झाला आहे. ऑक्सिजनवाचून न जगणारा हा जीवाणू साचलेले पाणी, शेण, कुजका पाला अशा ऑक्सिजनची वानवा असलेल्या जागी राहतो. कोकण किनाऱ्यावरील चिखलणी केलेली भातखाचरे, खाजणे व कांदळवनांतील काळा गाळ यांची परिस्थिती अशीच असते. पाण्याखालच्या चिखलात वरच्या काही मिलिमीटरांखाली ऑक्सिजन सहसा पोहोचत नाही. उष्ण, खाऱ्या पाण्यात तो विरघळतोही कमी.

हे प्रथिन प्रारंभी सायटोक्रोम-ओ (श्वसनसाखळीतील एक हीमयुक्त प्रथिन) समजले जाई. १९८६ मध्ये वाकाबायाशी, मात्सुबारा व वेब्स्टर यांनी त्याचा अमिनो अम्लक्रम प्रसिद्ध केला (प्रत्येक साखळीत १४६ अमिनो अम्ले, अशा दोन समान साखळ्या) आणि ते हीमोग्लोबिन असल्याचे ठरले. ल्युपिन या शेंगवर्गीय वनस्पतीतील लेगहीमोग्लोबिनशी (मुळांवरील गाठींतील ऑक्सिजन धरणाऱ्या प्रथिनाशी) त्याचे साम्य दिसल्याने जनुक वनस्पतीकडून जीवाणूत आले असावे, असाही तर्क झाला. मात्र ग्लोबिने (हीमोग्लोबिनाच्या कुळातील प्रथिने) पुढे अनेक जीवाणुगटांत सापडल्याने प्राचीन समान पूर्वजाचे मत अधिक ग्राह्य वाटते. कोकणात भातकापणीनंतर घेतल्या जाणाऱ्या वाल, कुळीथ यांच्या मुळांवरील गाठींचा गुलाबी रंग लेगहीमोग्लोबिनाचाच. परंतु ते वनस्पती तयार करते, गाठीतील रायझोबियम हा जीवाणू नव्हे. हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ऑक्सिजन घटला की या प्रथिनाचे उत्पादन वाढते. १९८८ मध्ये खोसला व बेली यांनी ते ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूमध्ये निर्माण करविले. अल्प ऑक्सिजनातही त्या पेशी अधिक वेगाने व अधिक दाट वाढल्या. कार्यपद्धतीविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार प्रथिन ऑक्सिजन श्वसनसाखळीतील अंत्य ऑक्सिडेजापर्यंत (ऑक्सिजन वापरणाऱ्या शेवटच्या एंझाइमापर्यंत) वाहून नेते. प्रथिन ऑक्सिजन किती त्वरेने सोडते याची प्रारंभीची व नंतरची मापने मात्र जुळत नाहीत, आणि हा वेग फार मंद असेल तर निव्वळ वहनाची कल्पना लंगडी पडते. सायटोक्रोम-बीओ या अंत्य ऑक्सिडेजाशी थेट संबंध येऊन त्याचे कार्य वाढते, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. हे ऑक्सिडेज सायटोक्रोम-बीडी या दुसऱ्या ऑक्सिडेजाच्या तुलनेत प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे अधिक प्रोटॉन पेशीपटलापार नेते. त्यामुळे तेवढ्याच ऑक्सिजनात अधिक ऊर्जा मिळते. ई. कोलायच्या स्वतःच्या फ्लॅव्होहीमोग्लोबिनाचे (फ्लॅव्हिनयुक्त भाग जोडलेल्या हीमोग्लोबिनाचे) मुख्य कार्य मात्र नायट्रिक ऑक्साइडाचे निर्विषीकरण हे होय.

प्रतिजैविके व एंझाइमे यांच्या किण्वनात या जनुकाचे प्रयोग झाले आहेत. भरपूर हवा मिळणाऱ्या संवर्धनात लाभ अल्पच असतो.