आपण रांधायचं, शेजाऱ्यानं जेवायचं?

समुद्राचं पाणी एकाएकी हिरवं-तपकिरी झालं की फोटो फिरू लागतात. कोणाला त्यात अपशकुन दिसतो, तर कोणी शहाणा खाली लिहितो, ‘पाण्यात बॅक्टेरिया झालेत.’ झाले कुठले, ते होतेच! समुद्राच्या वरच्या थरातल्या एका मिलिलिटर पाण्यात, म्हणजे वीसेक थेंबांत, दहा लाखांच्या आसपास जिवाणू असतात. तो रंग बहुतेक वेळा वनस्पतिप्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, उन्हावर जगणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या, बहराचा असतो. समशीतोष्ण किनाऱ्यांवर वसंतात ऊन वाढलं की त्यांच्यातले काचेच्या डबीत राहणारे एकपेशीय डायटम भराभर वाढतात आणि काही आठवड्यांत मरतातही. जिवाणूंची पंगत बसते ती तेव्हा.

पंगतीच्या पानात असतं लॅमिनारिन. डायटमची ही साठवणीची साखर म्हणजे ग्लुकोजच्या वीस-तीस मण्यांची माळ. जिवाणूला तोंड नाही आणि त्याच्या बाहेरच्या पडद्याच्या साध्या छिद्रांतून दोन-चार मण्यांपलीकडे काही आत जात नाही. मग विकरं (एन्झाइम) बाहेर सोडून माळ तोडावी, तर सुटे मणी पाण्याबरोबर वाहून जातात. राबणारा उपाशी, शेजारी तृप्त.

बॅक्टेरॉइडोटा गटातल्या जिवाणूंनी यावर काढलेली तोड मला फार आवडते. त्यांच्या बाहेरच्या पडद्यात सस-सी नावाचं प्रथिन पिंपासारखं रोवलेलं असतं आणि त्याच्यावर सस-डी हे बिजागरीचं झाकण. पृष्ठभागावरचं विकर माळेचे मोजकेच, मोठे तुकडे करतं. तुकडा झाकणाला चिकटला की झाकण मिटतं. पिंपाच्या आत एक बूच असतं. ते ओढायला टॉन-बी हे प्रथिन आतल्या पडद्यातून हात लांब करतं आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा आतल्या पडद्याच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनांच्या फरकातून येते. बूच सरकलं की तुकडा दोन पडद्यांमधल्या फटीत पडतो. बारीक चिराचिरी तिथे, घरात. बाहेर जवळजवळ काहीच सांडत नाही. शास्त्रज्ञ याला सरळ ‘स्वार्थी’ खाणं म्हणतात. लॅमिनारिनला चमकणारा रंग जोडून ते समुद्राच्या पाण्यात सोडलं, तर काही मिनिटांतच मायक्रोस्कोपखाली पेशीच्या कडेला हिरवी झाक दिसते. ही यंत्रणा पहिल्यांदा सापडली ती माणसाच्या आतड्यातल्या एका जिवाणूत, स्टार्च खाणाऱ्या!

उत्तर समुद्रातल्या जर्मनीच्या हेल्गोलँड बेटाजवळ 1962 पासून नियमितपणे पाण्याचे नमुने घेतले जातात. तिथल्या 2009 च्या वसंतातल्या बहरात जिवाणूंच्या पंगती एकामागून एक उठताना दिसल्या: आधी उल्विबॅक्टर, मग फॉर्मोसा, पुढे पोलारिबॅक्टर. प्रत्येकाकडे साखर कापायच्या कात्र्या, म्हणजे विकरं, वेगळ्या.

‘आपला दर दुसरा श्वास समुद्राचा’ हे वाक्य पोस्टरवर छान दिसतं. प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा समुद्राचा, हे खरं. पण तिथे तयार झालेला बहुतेक ऑक्सिजन हे जेवणारेच तिथल्या तिथे वापरून टाकतात.

सगळं काही मात्र फस्त होत नाही. डायटम फ्युकोज आणि सल्फेट असलेली एक चिकट साखर बाहेर टाकतात. ती तोडायला कात्र्यांचा भलामोठा संच लागतो आणि तो फार थोड्यांकडे असतो. लॅमिनारिनचा फडशा पडत असताना ही साखर पाण्यात साचत राहते, तिच्या कणांना इतर कण चिकटतात आणि जड झालेला तो गोळा, आतल्या कार्बनसकट, खाली बुडू शकतो.