सीक्रेट रिव्हर, द

ऑस्ट्रेलियन लेखिका केट ग्रेनव्हिल (जन्म १९५०) यांची न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीतील हद्दपार कैद्यांच्या जीवनावरील ऐतिहासिक कादंबरी (२००५). तिला २००६ मध्ये राष्ट्रकुल लेखक पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीतही ती होती. ते पारितोषिक किरण देसाई यांना मिळाले.

थेम्स नदीवर मालाचे पडाव वल्हवणारा विल्यम थॉर्नहिल लाकडाच्या चोरीत सापडतो आणि फाशीऐवजी जन्मठेपेवर १८०६ मध्ये सिडनीला येतो. ‘काळे पाणी’ म्हटले की मराठी वाचकापुढे सेल्युलर जेलची कोठडी उभी राहते. येथील व्यवस्था मात्र निराळी होती. कैद्याला एखाद्या मालकाच्या हवाली करून कामाला लावीत, आणि थॉर्नहिलला तर स्वतंत्र नागरिक म्हणून सोबत आलेल्या त्याच्या बायकोच्या, सॅलच्याच, हवाली केले जाते. पुढे सुटका झाल्यावर तो हॉक्सबरी नदीकाठची जमीन आपली म्हणून धरतो. पहिल्याच दिवशी तो तेथे उगवलेली डेझीसारखी रोपे खणून टाकतो व मका पेरतो. ती रोपे म्हणजे तेथील मूलनिवासी धारुग लोकांचे कंदांचे पीक होते, हे त्याच्या लक्षात येत नाही. संघर्षाचा शेवट धारुगांच्या कत्तलीत होतो आणि थॉर्नहिल तीत सामील असतो.

थॉर्नहिलचे मूळ लेखिकेचे पूर्वज सॉलोमन वाइजमन यांच्यात आहे. तेही थेम्सवरचे नावाडी होते व १८०६ मध्येच सिडनीस पोचले. हॉक्सबरी ओलांडण्याच्या त्यांच्या होडीसेवेवरून वाइजमन्स फेरी हे गावाचे नाव पडले. शीर्षक मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांच्या ‘रक्ताची गुप्त नदी’ या अर्थाच्या शब्दांवरून घेतले असल्याचे सांगतात. हे शब्द सामान्यतः त्यांच्या १९६८ च्या बॉयर व्याख्यानांशी (नभोवाणीवरील एक व्याख्यानमाला) जोडले जातात. त्या व्याख्यानांतील अधिक प्रसिद्ध प्रयोग मात्र ‘महान ऑस्ट्रेलियन मौन’, म्हणजे मूलनिवाशांवरील अन्यायाबद्दल इतिहासलेखनाने पाळलेले मौन, हा होय.

इतिहासकारांशी झालेला वाद कादंबरीइतकाच गाजला. नभोवाणीवरील एका मुलाखतीत ग्रेनव्हिल यांनी आपली कादंबरी जणू शिडीवर बसून मूलनिवाशांवरील हिंसेबाबतची इतिहासकारांची भांडणे वरून पाहत असल्याचे सुचविले, आणि इतिहासकार मार्क मॅकेना व इंगा क्लेन्डिनेन यांनी त्यावर कडक टीका केली. क्लेन्डिनेन यांचा नेमका आक्षेप प्रसंगांच्या स्थलांतरावर होता : १७८८ मध्ये फावड्याच्या चोरीवरून गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी एका मूलनिवाशाला चापट मारली, ही नोंदवलेली घटना कादंबरीत दोन दशकांहून अधिक काळानंतर थॉर्नहिलच्या हातून घडते. फिलिप हे सैनिकांसह आलेले राज्यपाल, तर थॉर्नहिल हा कुटुंबासह एकटा पडलेला माजी कैदी. त्यामुळे कृती तीच राहिली तरी तिचा अर्थ तोच राहत नाही. आपण इतिहास लिहिल्याचा दावा केलेलाच नाही, असे ग्रेनव्हिल यांचे उत्तर होते. ते मान्य केले तरी क्लेन्डिनेन यांचा मुद्दा पुरता निकालात निघत नाही. लेखनप्रक्रियेची हकीकत ग्रेनव्हिल यांनी २००६ मध्ये स्वतंत्र पुस्तकात दिली आहे.

कादंबरीत धारुग पात्रे थॉर्नहिलच्या नजरेतूनच दिसतात. त्यांची भाषा त्याला व वाचकाला कळत नाही. अँड्र्यू बोव्हेल यांच्या नाट्यरूपांतरात (२०१३) मात्र ही पात्रे रंगमंचावर धारुग भाषेतच बोलतात.