जुना कॉम्प्युटर कचरा कधी ठरतो? पार्श्वभूमी

हा प्रश्न खरा पेटला तो जाड मॉनिटर जाऊन सपाट स्क्रीन यायला लागले तेव्हा, म्हणजे २००० च्या आसपास. त्याआधी १९८९ ला बासेल करार, म्हणजे घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर नियम घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला होता, १९९२ ला लागूही झाला, पण तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यासमोर कारखान्यांचा विषारी कचरा होता, जहाजातून गरीब देशांत नेऊन टाकलेली पिंपं वगैरे. टेबलावरच्या कॉम्प्युटरचा विचार त्यात फारसा नव्हता.

मग एकदम लाखो मॉनिटर निकामी. एकेका पिक्चर ट्यूबच्या काचेत किलोच्या हिशोबात शिसं असतं, त्यातलं बहुतेक मागच्या निमुळत्या भागात. नवीन ट्यूब बनत होत्या तोवर जुनी काच वितळवून त्यातच जायची, ती मागणी आटली आणि काचेला गिऱ्हाईकच उरलं नाही. अमेरिकेत तर रिसायकलिंगचे पैसे घेऊन गोळा केलेली काच गोदामात तशीच सोडून काही जणांनी धंदा गुंडाळला.

२००२ मध्ये चीनमधल्या ग्वेयू या गावातलं, जुने कॉम्प्युटर फोडण्याच्या धंद्याचं वास्तव जगासमोर आलं. हातोडीने ट्यूबची मान तोडायची, तांब्याचं वेटोळं काढून घ्यायचं, काच कालव्याकडेला फेकून द्यायची. मदरबोर्ड कोळशाच्या शेगडीवर तापवायचा, सोल्डर वितळला की चिमट्याने चिप उचलायच्या, आणि सोन्याचा मुलामा असलेल्या पिना नदीकाठी ॲसिडमध्ये बुडवायच्या, उरलेलं ॲसिड नदीतच. तिथल्या ढिगांत अमेरिकेतल्या संस्थांचे टॅग लागलेली मशीन सापडली, आणि ज्यांची ती होती त्यांना बहुधा वाटत असणार की आपण रिसायकलिंगला दिलंय.

इथून पुढे सगळी भांडणं एकाच गोष्टीवरून: कंटेनरमधला माल कचरा की सेकंडहँड सामान? घातक कचरा असेल तर घेणाऱ्या देशाची लेखी परवानगी लागायची, सामान असेल तर तो साधा व्यापार. त्यामुळे बंद पडलेले कॉम्प्युटर सेकंडहँड किंवा डोनेशन म्हणून रवाना व्हायचे. यावर युरोपने २०१२ च्या नियमांत पुराव्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकली, म्हणजे प्रत्येक वस्तू चालू करून तपासल्याची नोंद हवी आणि पॅकिंगही असं की वाटेत मोडणार नाही. नियम साधाच, पण माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात कामाचा.

आणि मग २०१५. बासेल करारातल्या देशांच्या बैठकीत ई-कचऱ्याबद्दलच्या मार्गदर्शक सूचना मंजूर झाल्या, त्याही अंतरिम म्हणून, आणि त्यात एक वाट मोकळी ठेवली: बंद पडलेलं यंत्र दुरुस्तीसाठी पाठवत असाल तर काही अटींवर ते कचरा धरायचं नाही. पाठवणारा आणि दुरुस्ती करणारा यांच्यात करार हवा, कागदपत्रं हवीत, दुरुस्तीतून निघालेल्या कचऱ्याचं काय केलं तेही कळवायला हवं. उत्पादकांचं म्हणणं की दुरुस्ती झाली तर यंत्राचं आयुष्य वाढतं, आणि दरवेळी परवानगीसाठी महिनोन्‌महिने थांबणं परवडत नाही. यात तथ्य आहे, दुरुस्ती अडवून पर्यावरणाचं भलं होत नाहीच. पण काही विकसनशील देशांनी कडाडून विरोध केला आणि त्यांची भीती मला जास्त पटते, कारण थोडा खटाटोप केला तर कुठल्याही बंद मशीनला दुरुस्तीयोग्य म्हणता येतं, आणि बंदरावरचा कस्टमवाला कंटेनरमधला प्रत्येक बोर्ड कसा तपासणार? जे दुरुस्त होणार नाही, ते पोचलं तिथेच राहतं.

त्यानंतर घडामोडी भराभर झाल्या. चीनने २०१८ पासून बाहेरच्या बऱ्याच कचऱ्याला दार बंद केलं. श्रीमंत देशांनी गरीब देशांत घातक कचरा पाठवू नये असा बासेल करारात १९९५ ला केलेला बदल तब्बल २४ वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाला. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. त्याच वर्षी घाना आणि स्वित्झर्लंडच्या प्रस्तावावरून ठरलं की ई-कचरा घातक असो वा नसो, सीमेपलीकडे न्यायचा तर आधी लेखी संमती हवीच, आणि १ जानेवारी २०२५ पासून ते लागूही झालं. पण कचरा कशाला म्हणायचं हा वाद त्याने सुटलेला नाही, दुरुस्तीच्या नावाची ती वाट अजून उघडीच आहे. शिवाय अमेरिकेने १९९० मध्ये बासेल करारावर सही केली खरी, पण मान्यता आजतागायत दिलेली नाही.