रिकामं अंग नव्हे, आवरलेलं अंग

सोलापुरात बाळ बघायला गेलं, की चादरीतल्या गाठोड्याकडे बघत एखादी मावशी म्हणतेच, "अंगात प्रतिकारशक्ती नाही अजून, सव्वा महिना सुई नको." चूक आहे हे. रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात; त्यांना आवरणाऱ्या 'टी-रेग' पेशीही भरपूर असतात. पोटात असताना आईच्या काही पेशी बाळात शिरतात, त्यांच्यावर हल्ला होऊ नये म्हणून हा लगाम. छातीतल्या थायमस ग्रंथीत यातल्या बऱ्याच घडतात. उंदराच्या पिल्लाची ही ग्रंथी तिसऱ्या दिवशी काढली, तर शरीर स्वतःवरच उलटतं. याच कोड्यामागे लागून जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची १९९५मध्ये टी-रेगपर्यंत पोचले. २०२५चं नोबेल आणखी दोघांसोबत मिळालं. आणि जन्मल्यावर लगेच टोचलेल्या बीसीजी या क्षयाच्या लशीने काही आठवड्यांत डाव्या दंडावर फोड येतो, तो रिकाम्या अंगात कुठून येईल?